जुन्या लष्करी जीपला पेट्रोलची नवी टाकी बसवताना

दुसऱ्या महायुद्धातील विलीस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या जीपगाड्यांमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली, बॉडीच्या तळाशी केलेल्या एका खोलगट कप्प्यात बसते. तिच्यात १५ अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे ५७ लिटर पेट्रोल मावते. कप्प्यातील पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेली छिद्रे चिखलाने बुजली की टाकीचा तळ आणि कप्प्याचा पत्रा हे दोन्ही एकमेकांना चिकटून सडत जातात. त्यामुळे टाकी खालून गंजली असेल, तर कप्पाही शाबूत नाही असे गृहीत धरूनच कामाला लागावे. अनेक हौशी मंडळी बॉडीचे रंगकाम उरकून शेवटी टाकी मागवतात. हा क्रम उलटा आहे. नव्याने बनवलेल्या टाक्यांची मापे मूळ टाकीशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, आणि कप्प्याचा पत्रा ठोकून सरळ करायचा किंवा टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांची छिद्रे सरकवायची तर ते रंगाचा हात फिरण्याआधीच झालेले बरे.

जुनी टाकी काढण्यापूर्वी बॅटरी गाडीतून पूर्णपणे बाहेर काढावी आणि काम उघड्या हवेत करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि दुरुस्तीच्या खड्ड्यात साचून राहते, म्हणून खड्ड्यावर उभ्या केलेल्या गाडीची टाकी कधीही उतरवू नये. उरलेले पेट्रोल हातपंपाने धातूच्या झाकणबंद डब्यात काढावे. हवेत वाफेचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असते तेव्हा ती पेट घेते; भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी दिसणारी टाकी अधिक घातक ठरते ती याचमुळे. जुन्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग करण्याचा मोह म्हणूनच टाळावा. शिवाय अशा अनेक टाक्यांच्या पत्र्यावर शिसे आणि कथील यांचा मुलामा असतो आणि तो तापला की शिशाचा विषारी धूर निघतो.

मात्र जुनी टाकी लगेच भंगारात घालू नये. नळीचे तोंड, पट्ट्यांच्या खाचा आणि सेंडिंग युनिटची (तरंगकाच्या, म्हणजे पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या, साहाय्याने पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाची) जागा तिच्यावरूनच ताडून पाहता येते. फोर्डने आपल्या जीपच्या असंख्य सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर ठोकलेले असे; मूळ रूपाचा आग्रह असेल, तर असे अक्षर असलेले पट्टे आणि बोल्ट स्वच्छ करून पुन्हा वापरावेत.

नवी टाकी हाती आली की आधी ती आतून पाहावी. वेल्डिंगचे खडे, पत्र्याचा कीस आणि गंजरोधक तेल तिच्यात हमखास असते. थोडे रॉकेल ओतून टाकी चारही अंगांनी हलवावी, ते स्वच्छ फडक्यातून गाळून पाहावे आणि फडक्यावर काहीही उरेनासे होईपर्यंत हे करत राहावे. नंतर गळतीची चाचणी घ्यावी. ती करताना कॉम्प्रेसर थेट जोडणे हा शुद्ध अविचार होय, कारण ६० सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर रुंद अशा पत्र्यावर अवघा ०.२ बार (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे पाचव्या हिश्शाएवढा) दाब दिला, तरी एकूण जोर जवळजवळ ४९० किलो वजनाइतका होतो आणि टाकी फुगून तिचा आकार कायमचा बिघडतो. सर्व तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने ०.१ बारपर्यंतच हवा भरावी आणि जोडांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहावे.

कप्पा घासून, छिद्रे मोकळी करून त्यावर गंजरोधक थर दिल्यावर टाकी रिकामीच ठेवून पाहावी. ती चारही बाजूंनी टेकली पाहिजे. एका कोपऱ्यावर डुगडुगणारी टाकी प्रवासातील हादऱ्यांनी नेमकी तिथेच फाटते. पत्र्याला पत्रा घासू नये म्हणून टाकीखाली आणि पट्ट्यांखाली पट्टी घालावी लागते. तिच्यासाठी नमदा (दाबून केलेले जाड लोकरी कापड) वापरायचा झाल्यास तो मेण किंवा डांबराने भिजवलेला असावा, कारण कोरडा नमदा ओल धरून ठेवतो आणि गंज पुन्हा सुरू होतो. पट्टे दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. ५७ लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ४२ किलो भरते आणि ते सतत हिंदकळत असते, तेव्हा पट्टा सैल चालणार नाही. पण टाकीची कड दबू लागली, तर तो गरजेपेक्षा जास्त आवळला गेला आहे.

सेंडिंग युनिट बसवण्याआधी ते टाकीपासून दूर, गाडीबाहेर तपासावे. गेजची (चालकासमोरच्या पेट्रोलमापकाची) तार जोडून युनिटच्या धातूच्या अंगाला अर्थिंग द्यावे आणि तरंगकाची दांडी हाताने सावकाश वर-खाली करावी. काटा तिच्याबरोबर सरकला पाहिजे. मूळ जीप ६ व्होल्टची आहे, त्यामुळे १२ व्होल्टवर नेलेल्या गाडीत गेज आणि युनिट यांची जोडी जुळते का, हेही याच वेळी कळते. पाच स्क्रूंच्या युनिटमध्ये एक छिद्र सहसा किंचित सरकवलेले असते, जेणेकरून दांडी एकाच दिशेने बसावी. स्क्रू जात नाही म्हणून छिद्र मोठे करणाऱ्याची दांडी पुढे टाकीच्या भिंतीला अडकते. खरी गफलत मात्र अर्थिंगची असते. टाकीवर नवा रंग, खाली नमदा, युनिटखाली रबरी गॅस्केट आणि पट्ट्यांवरही रंग, अशा स्थितीत विजेला परतीचा मार्गच उरत नाही आणि चांगल्या गेजवर दोष येतो. युनिटच्या एका स्क्रूपासून चासीपर्यंत वेगळी तार ओढली की प्रश्न मिटतो.

टाकीत हवा येण्याचा मार्ग मोकळा आहे याची खात्री करून घ्यावी. तो बंद असेल, तर गाडी काही वेळ छान चालून मग धापा टाकू लागते, आणि झाकण उघडताच हवा आत ओढल्याचा आवाज येतो. अशा वेळी इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप आणि कार्ब्युरेटर खोलत बसण्यापेक्षा झाकणाची झडप आधी पाहावी.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मऊ करून फोडते, त्यामुळे लवचिक नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्याच घ्याव्यात आणि त्या शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात. धातूच्या नळीसाठी तांबे सोपे वाटते, पण सततच्या कंपाने ते कडक होऊन तडकते. तांबे-निकेल मिश्रधातूची किंवा पोलादाची नळी अधिक भरवशाची. पेट्रोल खेचणाऱ्या नळीचे टोक तळापासून बोटभर वर असावे, म्हणजे खाली बसलेले पाणी आणि गाळ पंपात जाणार नाही.

पहिल्यांदा पाच-सहा लिटरच पेट्रोल घालून प्रत्येक जोडाखाली पांढरा कागद ठेवावा आणि गाडी रात्रभर उभी करावी. कागद कोरडे राहिले तर टाकी भरावी, पण काठोकाठ नव्हे, कारण तापमान २० अंशांनी वाढले की ५७ लिटर पेट्रोल लिटरभराहून अधिक फुगते. नमदा दबल्यामुळे पहिल्या काही फेऱ्यांनंतर पट्टे सैल होतातच. ते पुन्हा आवळताना पंपाची गाळ साचणारी काचेची वाटीही उघडून साफ करावी.