नैरोबीत नवे आलात? आधी घरातलं पाणी कुठून येतं ते विचारा

नैरोबीला यायच्या तयारीत असलेल्या मराठी घरांतून फोन येतात. मसाले किती आणायचे, कुकर आणायचा का, कढीपत्ता मिळतो का, हे सगळं विचारून होतं आणि शेवटी प्रश्न येतो, "आणि पाणी? उकळून प्यायलं की झालं ना?" पहिल्या प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. पार्कलँड्स आणि नगारा भागांत हिंगापासून इडली रव्यापर्यंत सगळं मिळतं, बॅगांमधली जागा कपड्यांना ठेवा. पाण्याचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. इथे उकळण्याने अर्धं काम होतं आणि उरलेलं अर्धं काम काय, ते तुम्ही कुठल्या इमारतीत राहता यावर ठरतं.

नळाचं पाणी बहुतांशी उत्तरेकडच्या आबेरडेर डोंगररांगांतून येतं. एनडाकाइनी आणि सासुमुआ ही धरणांची नावं पेपरात सारखी दिसतील. शुद्धीकरण केंद्रातून निघताना हे पाणी चांगलं असतं. पण शहराला ते पुरत नाही, म्हणून भागाभागांत आळीपाळीने सोडतात. पाइप रिकामा राहिला की गळतीच्या जागेतून बाहेरची घाण आत ओढली जाते. पुढे ते इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत, तिथून गच्चीवरच्या टाकीत आणि मग तुमच्या नळाला. टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, हे केअरटेकरला विचारायला संकोच करू नका. ही सगळी जंतूंची भानगड आहे आणि ती उकळून सुटते. खळखळून उकळी आली की मिनिटभर ठेवा. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. जंतू मरायला तेवढं पुरतं, तरी मनाला समाधान हवं असेल तर तीन मिनिटं ठेवा.

आता दुसरं अर्धं. नळाला पाणी कमी पडतं म्हणून असंख्य इमारतींनी स्वतःची बोअर मारली आहे, आणि ज्यांची नाही त्या टँकर मागवतात. टँकरला इथे बाउझर म्हणतात आणि त्यातलं पाणीही बऱ्याचदा कुणाच्या तरी बोअरचंच असतं. हा सगळा ज्वालामुखीच्या खडकाचा मुलूख आहे, त्यामुळे जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅमची आहे आणि इथल्या कितीतरी बोअर ती ओलांडतात. फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं, पोट बिघडत नाही, म्हणून संशयच येत नाही. आणि उकळून ते जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटतं, तेवढं प्रमाण किंचित वाढतंच.

लहान मुलं असलेल्या आईबापांना माझं हे कळकळीचं सांगणं आहे. पक्के दात हिरडीच्या आत घडत असतात ती वर्षं म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंतची. त्या काळात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं तर दात येतात तेच पांढऱ्या ठिपक्यांचे किंवा तपकिरी पट्ट्यांचे, आणि ते डाग घासून जात नाहीत. यवतमाळ, चंद्रपूरकडची मंडळी हे लगेच ओळखतील, तिकडच्या काही गावांनी हेच भोगलं आहे. नाकुरू, नैवाशाकडे बदली झाली असेल तर अधिकच जपा, तिथे हा त्रास नैरोबीपेक्षा जास्त आहे.

तेव्हा भाडेकरारावर सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा: पाणी नळाचं, बोअरचं की मिसळलेलं? आणि बोअरचं असेल तर तपासणीचा अहवाल दाखवता का? घरमालकाने टाळाटाळ केली तर स्वतः नमुना देऊन तपासून घ्या, शहरात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. फ्लोराइड जास्त निघालं तर प्यायच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी आरओ लावा. कँडलचा फिल्टर आणि यूव्हीचा दिवा जंतूंसाठी चांगले, फ्लोराइडपुढे त्यांचा उपयोग नाही. आमटी, भात, चहा यांतूनही फ्लोराइड पोटात जातं, म्हणून फक्त पेल्यातलं पाणी बदलून भागत नाही. नाकुरूकडे हाडांच्या कोळशाचे फिल्टर वापरतात. काम चांगलं करतात, पण शाकाहारी घरांनी फिल्टर घेताना आत काय भरलंय ते विचारून घ्यावं. आरओमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरा, पाण्याची पाळी चुकते त्या दिवशी फरशीला आणि फ्लशला ते सोनं वाटतं.

वीस लिटरचा जार मागवत असाल तर केब्सचा, म्हणजे केनियाच्या सरकारी मानक संस्थेचा, गुणवत्ता-शिक्का आणि झाकणाचं सील, दोन्ही बघून मगच जार आत घ्या. गल्लीतल्या दुकानात जार भरून मिळतो, तिथेही मूळ पाणी कुठलं आणि ते आरओचं आहे का, हे विचारायचं. आलेल्या नव्या दिवसांत मुलांना दात घासायलाही प्यायचंच पाणी द्या.

उंचीचा परिणाम स्वयंपाकावरही होतो. डाळ उघड्या पातेल्यात शिजता शिजत नाही, म्हणून कुकर हवाच. राजमा इथे घरोघरी होतो, बाजारात रंगीबेरंगी वाणांचे ढीग दिसतात, तुम्हीही आणाल. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि कुकरलाच लावा. मंद आचेवर अर्धाकच्चा राहिलेला राजमा खाल्ला तर दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात.

मराठी स्वयंपाकघरासाठी पुढची गोष्ट पाण्याइतकीच महत्त्वाची आहे: शेंगदाणे. आपल्याकडे कूट कशात नसतं? साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची आमटी. केनियात मका आणि शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे. २००४ साली पूर्वेकडच्या माकुएनी, किटुई भागात बुरशी लागलेल्या मक्याने ३१७ जणांना विषबाधा झाली आणि त्यांतले १२५ दगावले. मक्याच्या पिठाच्या काही ब्रँडांवर २०१९ मध्ये सरकारने बंदी घातली होती. थोडं थोडं विष वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते यकृताला घातक ठरतं. भाजून किंवा शिजवून ते पुरतं जात नाही, म्हणून 'भाजलेत की, काय होतंय' हा हिशेब इथे चालत नाही.

उपाय आपल्या आज्यांचाच आहे, निवडणं. दाणे परातीत पसरा आणि खिडकीच्या उजेडात बसा. सुरकुतलेले, काळपट पडलेले, फुटके, भोक पडलेले, सालावर हिरवट-करडी पूड दिसणारे असे सगळे बाजूला काढा. भाजल्यावर साल निघतं तेव्हा पुन्हा एकदा बघा, आतून पिवळा-तपकिरी झालेला दाणा तेव्हा सापडतो. एखादा खवट, कडू लागला तर थुंकून टाका, गिळू नका. विष जास्त करून अशाच मोजक्या खराब दाण्यांत असतं, त्यामुळे निवडण्याने खरोखर फरक पडतो. तयार कूट विकत घेऊ नका, त्यात काय दळलंय ते दिसत नाही. दाणे थोडे थोडे आणा, कोरड्या डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात, म्हणजे इथे मार्च ते मे आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबर, जास्तच लक्ष द्या. मक्याचं पीठ, इथे त्याला उंगा म्हणतात, बंद पाकिटातलं आणि ताज्या तारखेचं घ्या. भाकरीची हौस ज्वारी-नाचणीवर भागवा. म्तामा मागितलं की ज्वारी मिळते, विंबी म्हटलं की नाचणी.

भाज्या सुंदर मिळतात, पण शहराच्या कडेने काही शेती नाल्याच्या सांडपाण्यावर होते आणि बाजारात जुडीकडे बघून ते कळत नाही. सुकुमा विकी ही इथली रोजची पालेभाजी आपण परतूनच खातो, त्यामुळे तिची काळजी नाही. काळजी आहे ती वरून भुरभुरायच्या कोथिंबिरीची. माती जाईपर्यंत धुवा, शेवटचं पाणी प्यायचं घ्या आणि ती पोहे गॅसवर असतानाच घालून वाफ काढा. काकडी, गाजर सोलूनच कोशिंबिरीत.

दुधाचं थोडक्यात: सुट्टं दूध घेतलंत तर उकळल्याशिवाय एक घोटही नको, कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो आणि त्याचा ताप महिनोन्‌महिने छळतो. ताकाची आठवण आली तर 'माला' नावाचं आंबवलेलं दूध पाकिटात मिळतं. पाणी, मीठ, जिरं घालून घुसळा, छान होतं.

बाहेर खाताना दुकान किती झकपक आहे, यापेक्षा समोर काय शिजतंय ते बघा. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, तिखट-लिंबू लावलेलं, बेलाशक खा. चुलीवरून उतरलेली चपाती, गरम मंदाझी (तळलेला गोडसर पाव), तळलेला मोगो (कसावाचा कंद), हेही चालेल. पण त्याच गाडीवर उकडलेल्या अंड्यात भरतात ती कचुंबरी नको. टोमॅटो, कांदा कुठल्या पाण्यात धुतला, सुरी कुठे पुसली, कुणाला माहीत. मोठं हॉटेल म्हणजे निर्धास्त, असंही समजू नका. २०१७ मध्ये नैरोबीत बड्या ठिकाणी भरलेल्या परिषदांमध्ये जेवलेल्या लोकांतही कॉलऱ्याचे रुग्ण निघाले होते. बुफेत वाफ निघत नसेल तो पदार्थ सोडा.

मंडळाच्या गणपतीत तुम्ही यालच, आणि स्वयंपाकात मदतही कराल. तिथला मसालेभात सकाळी होतो आणि आरती, कार्यक्रम, भाषणं आटपेपर्यंत दुपार टळते. शिजलेला भात कोमट राहिला की त्यात वाढणारे जंतू असं विष सोडतात की ते पुन्हा गरम करूनही जात नाही. भात दोन तासांपेक्षा जास्त कोमट ठेवायचा नाही. उशीर होणार असेल तर दोन घाण्यांत करा. हे मी दरवर्षी सांगते आणि यंदाही सांगणार आहे.

एवढं करूनही कधीतरी पोट बिघडेलच. जलसंजीवनीची पाकिटं घरात हवीत. नसतील तर एक लिटर प्यायच्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि घोट घोट पाजत राहा. जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. शौचातून रक्त, तीव्र ताप, मूल मलूल होणं, लघवी कमी होणं, यांतलं काहीही दिसलं तर घरात थांबायचं नाही, डॉक्टर गाठायचा. औषधाच्या दुकानात कुणी परस्पर अँटिबायोटिक देऊ केलं तर घेऊ नका. टायफॉइड आणि हिपॅटायटिस ए यांच्या लशी निघण्यापूर्वी घेऊन या. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते नसेल तर सुट्टीला भारतात परतताना विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात.

शेवटचं, तापाबद्दल. इथे ताप आणि पोटदुखी म्हटली की विडाल चाचणी करून टायफॉइडचा शिक्का लगेच बसतो, आणि ती चाचणी फारशी भरवशाची नाही. रक्ताचं कल्चर करता येईल का, ते विचारा. आणि मोंबासा, मालिंदी किंवा किसुमूला फिरून आल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर 'तिकडे काहीतरी खाल्लं असेल' म्हणत बसू नका. नैरोबीत मलेरिया कमी आहे, तिकडे तो भरपूर आहे, आणि मलेरियातही उलट्या-जुलाब होतात. त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना त्यांनी विचारायच्या आधी सांगा.