पुरुष हक्क चळवळीवर विकिपीडियात लिहायचंय? मग आधी हे वाचा

या विषयाचं पान उघडलं की दोन प्रकारचे लोक हमखास येतात. एकांना वाटतं हे पान म्हणजे आपल्यावर झालेल्या अन्यायाचा पंचनामा, दुसऱ्यांना वाटतं या लोकांना पानभर जागा देणं हाच गुन्हा. दोघंही मनापासून लिहितात, दोघांकडे लिंकाही असतात, आणि दोघं मिळून पानाचं पार वाटोळं करतात. इंग्रजी विकिपीडियावर २०११ मध्ये या लेखावर खास निर्बंध लावायची वेळ आली होती. मराठीत लिहिणारे कमी, म्हणून इथे उलटा प्रॉब्लेम, कोणीतरी एकदा काहीतरी टाकून जातं आणि ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, मग तेच कॉपी होऊन व्हॉट्सॅपवर फिरतं आणि तिथून एखाद्या पोर्टलवर जातं आणि मग कोणीतरी त्याच पोर्टलची लिंक संदर्भ म्हणून परत पानावर आणून लावतं. झालं वर्तुळ पूर्ण.

सगळ्यात आधी ठरवा की पान कशाबद्दल आहे. पुरुषांच्या अडचणी ही एक गोष्ट, त्या अडचणींवर बोलणाऱ्या संघटना ही दुसरी, आणि ज्या कायद्यांवर त्या बोलतात ते कायदे ही तिसरी. चळवळीचं पान दुसऱ्या गोष्टीबद्दल असतं: कोणी सुरू केली, कधी, मागण्या काय, काय केलं, अभ्यासकांनी काय म्हटलं, सरकार आणि कोर्टाने काय उत्तर दिलं. पुरुषांच्या आत्महत्येचं अख्खं प्रकरण तिथे ओतायचं नाही, त्याला आत्महत्येचं पान आहे. ४९८अ, म्हणजे नवरा किंवा सासरच्यांकडून होणाऱ्या विवाहितेच्या छळाबद्दलचं भारतीय दंड संहितेतलं कलम, त्याचा अख्खा इतिहासही नाही, त्या कलमाचं स्वतंत्र पान करा आणि दुवा द्या. माझ्या मते निम्मी भांडणं एवढ्यानेच मिटतात, कारण भांडण बऱ्याचदा माहितीचं नसतंच, ती माहिती या पानावर हवी की त्या पानावर याचं असतं.

दुसरं म्हणजे इंग्रजी लेख उचलून भाषांतर करू नका. तो लेख मुख्यतः अमेरिका-ब्रिटनवर बेतलेला आहे. तिकडची गोष्ट १९७० च्या दशकातल्या पुरुषमुक्ती गटांपासून सुरू होते, त्यातला एक गट स्त्रीवादाच्या बाजूने गेला आणि दुसरा विरोधात, मायकेल मेसनर या समाजशास्त्रज्ञाने या फाटाफुटीवर सविस्तर लिहिलंय. तिकडचे मुद्देही तिकडचेच, म्हणजे सक्तीच्या सैन्यभरतीसाठी फक्त पुरुषांची नोंदणी, घटस्फोटानंतर मुलांचा ताबा. ब्रिटनच्या फादर्स फॉर जस्टिस या वडिलांच्या हक्कांसाठीच्या गटाचा एक माणूस २००४ मध्ये बॅटमॅनच्या वेषात बकिंगहॅम पॅलेसच्या सज्जावर जाऊन उभा राहिला होता, वाचायला भारी आहे, पण आपल्याकडच्या चळवळीबद्दल त्यातून काही कळत नाही. आपल्याकडे गाडी ४९८अ, पोटगी, कौटुंबिक हिंसाचार कायदा यांभोवती फिरते. बंगळुरूचं सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशन २००५ चं, आणि महाराष्ट्रात नाशिकची पुरुष हक्क संरक्षण समिती वगैरे संघटना आहेत. वैवाहिक बलात्कार गुन्हा ठरवा अशी मागणी असलेल्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टात मेन वेल्फेअर ट्रस्ट या पुरुष हक्क संघटनेने हस्तक्षेप करून त्या मागणीला विरोध केला, तिथे मे २०२२ मध्ये दोन न्यायाधीशांचा निकाल विभागून आला. हेही पानात यायला हवं. चळवळीची फक्त दुःखं लिहायची आणि तिने कशाला विरोध केला ते गाळायचं, असं चालत नाही.

आता संदर्भ. संघटनेची वेबसाइट वापरता येते, पण फक्त संघटना स्वतःबद्दल काय म्हणते एवढ्यापुरती, "त्यांची मागणी अशी आहे" इथपर्यंत. देशात काय घडतंय याला तो पुरावा नाही. टीव्ही डिबेट, यूट्यूब, रील, फॉरवर्ड हे सोडूनच द्या. पेपरात बातमी आणि लेख यात फरक करा, लोकसत्ता किंवा सकाळमध्ये छापून आलंय म्हणजे ते बातमीच असेल असं नाही, संपादकीय पानावरचा लेख असेल तर "अमुक यांच्या मते" असं नाव घालूनच लिहायचं. वरच्या दर्जाचं म्हणजे विद्यापीठीय लेखन. भारतीय चळवळीवर केंटकी विद्यापीठाच्या श्रीमती बसू यांचं काम आहे, त्यांचा २०१६ चा लेख याच कार्यकर्त्यांवर आहे, रोमित चौधरींनीही लिहिलंय. असं एक लेखन वीस बातम्यांना भारी पडतं.

पेपरवाल्यांची अजून एक सवय सांगतो. दरवर्षी वटपौर्णिमेच्या आसपास छत्रपती संभाजीनगरकडे पत्नीपीडित पुरुष पिंपळाला उलट्या फेऱ्या मारतात आणि "हीच बायको सात जन्म नको" म्हणतात, ही बातमी फोटोसकट येतेच. गंमत म्हणून छापलेली असते. तिच्यावरून कार्यक्रम झाला एवढं एक वाक्य लिहिता येईल, पण महाराष्ट्रात चळवळ किती मोठी आहे हे काही ठरवता येत नाही.

आता आकड्यांकडे येऊ, कारण खरा राडा तिथेच होतो.

सगळ्यात लाडका आकडा ४९८अ चा. हे कलम १९८३ मध्ये आलं. २०१४ च्या अर्णेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने २०१२ ची आकडेवारी दिली होती, दोषारोपपत्र दाखल होण्याचं प्रमाण ९३.६ टक्के आणि शिक्षेचं फक्त १५ टक्के. यावरून पानावर काय येतं? "८५ टक्के केसेस खोट्या". अहो, असं निकालात कुठेही नाही. शिक्षा न होणं आणि तक्रार खोटी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४९८अ मध्ये आपसात तडजोड झाली तरी केस सहज मागे घेता येत नाही, मग साक्षीदार फिरतात, किंवा दोघं मिळून हायकोर्टात जाऊन केस रद्द करून घेतात, २००३ च्या बी. एस. जोशी निकालापासून तो रस्ता मोकळाच आहे. पुरावे कमी पडले म्हणूनही माणूस सुटतो. एनसीआरबीच्या (देशभरातल्या गुन्ह्यांची आकडेवारी गोळा करणारी केंद्र सरकारची संस्था) वार्षिक अहवालात पोलीस तपासात "खोटी" ठरलेल्या प्रकरणांचा रकाना वेगळा असतो, खोट्या तक्रारींबद्दल लिहायचं तर तो बघा, आणि तो पोलिसांचा निष्कर्ष आहे हेही सोबत लिहा. उलट बाजूने ९३.६ टक्के दाखवून "म्हणजे जवळपास सगळ्या तक्रारी खऱ्या" म्हणणारेही भेटतात. तेही तितकंच चूक, कोर्टाने तर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून अटकेची घाई करू नका असं सांगितलं होतं.

दुसरा आकडा आत्महत्यांचा. एनसीआरबीच्या २०२१ च्या अहवालात एकूण १,६४,०३३ आत्महत्या, त्यात पुरुष १,१८,९७९, स्त्रिया ४५,०२६. विवाहित पुरुष ८१,०६३ आणि विवाहित स्त्रिया २८,६८०. हेच आकडे घेऊन २०२३ मध्ये राष्ट्रीय पुरुष आयोगाची मागणी करणारी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती, कोर्टाने ती ऐकून घ्यायला नकार दिला. आकडे खरेच आहेत, गडबड पुढच्या वाक्यात होते, "बायकोच्या छळामुळे ८१ हजार पुरुषांनी जीव दिला". अहवालात वैवाहिक स्थितीचा तक्ता वेगळा आणि कारणांचा वेगळा. कारणांमध्ये लग्नाशी संबंधित प्रश्न ४.८ टक्के (स्त्री-पुरुष मिळून), इतर कौटुंबिक प्रश्न ३३.२ टक्के, आजारपण १८.६ टक्के. "विवाहित" म्हणजे "लग्नामुळे" नव्हे, कर्जात बुडालेला शेतकरीही विवाहितच असतो ना. आणि नीट भागाकार केलात तर पुरुषांमधले ६८ टक्के विवाहित निघतात आणि स्त्रियांमधले ६४ टक्के, म्हणजे फार फरक नाही. पण थांबा, हा भागाकार करून त्यावरून "म्हणून चळवळीचा दावा पोकळ आहे" असं तुम्ही लिहिलंत तर ते तुमचं स्वतःचं संशोधन झालं, तेही विकिपीडियावर चालत नाही. साधा हिशोब चालतो, त्यातून काढलेला निष्कर्ष कोणीतरी आधी छापलेला असावा लागतो. तुमच्या आवडीचा निष्कर्ष असेल तरीसुद्धा. पुरुषांच्या आत्महत्या स्त्रियांच्या अडीचपटीहून जास्त आहेत हे मात्र सरळ अहवालातलं आहे, ते लिहा, त्याला घाबरायचं कारण नाही.

कोर्टाच्या वाक्यांचंही तसंच. "कायदेशीर दहशतवाद" हे शब्द सगळ्यांना पाठ असतात. ते २००५ च्या सुशील कुमार शर्मा निकालातले, गैरवापर झाला तर असा दहशतवाद होऊ शकतो असं कोर्ट म्हणालं होतं. पण त्याच निकालात ४९८अ घटनाबाह्य ठरवा ही मागणी फेटाळली होती, गैरवापराची शक्यता आहे म्हणून कायदा रद्द होत नाही असं सांगून. पानावर एक आलं तर दुसरंही यायलाच पाहिजे. सुनावणीत न्यायाधीश तोंडी काही बोलले तर तो निकाल नसतो, बातमीत "कोर्ट म्हणालं" असलं तरी नीट बघून घ्या. आणि तारखा! २०१७ च्या राजेश शर्मा निकालाने ४९८अ च्या तक्रारी आधी तपासणाऱ्या कुटुंब कल्याण समित्या जिल्ह्याजिल्ह्यात आणल्या, २०१८ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने त्या काढून टाकल्या, आणि जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका केसमध्ये अलाहाबाद हायकोर्टाची तशाच समित्यांची आणि अटकेआधी दोन महिने थांबण्याची मार्गदर्शक तत्त्वं सुप्रीम कोर्टाने लागू ठेवली. "सध्या असं आहे" लिहिलंत की ते वाक्य शिळं झालंच समजा. "जुलै २०२५ मध्ये असं झालं" लिहा.

बाकी कायद्याबाबत एक छोटीशी गोष्ट, "पोटगी फक्त बायकोला मिळते" हे वाक्य दिसलं की संदर्भ मागा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली नवराही मागू शकतो.

तटस्थ म्हणजे काय यावर खूप घोळ आहे. दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं पान वाटून देणं म्हणजे तटस्थ नाही, ती काही वडिलोपार्जित शेती नाही. भरवशाच्या स्रोतांमध्ये ज्या मताला जितकं वजन, तितकीच जागा. या चळवळीवरचं विद्यापीठीय लेखन बहुतांश टीकात्मक आहे, मग पानही थोडं टीकात्मक दिसणारच, त्यात पक्षपात नाही. पक्षपात कधी होतो, तर चळवळीचं म्हणणं तिच्या शब्दांत नीट सांगायच्या आधीच खोडून काढलं जातं तेव्हा. आधी म्हणणं सांगा, पूर्ण, आणि मग टीका, नाव घेऊन. संयुक्त पालकत्वाची, म्हणजे घटस्फोटानंतरही मुलांचा ताबा आई-वडील दोघांकडे राहावा ही मागणी चांगलं उदाहरण आहे, संघटना ती करतात आणि २०१५ मध्ये विधी आयोगाच्या २५७ व्या अहवालानेही त्याची शिफारस केली होती. हे गाळलं तर वाचकाला वाटेल की सगळंच हवेतलं आहे.

लिहिताना कसं, ते दोन वाक्यांवर बघू. "भारतात लाखो निष्पाप पुरुष खोट्या केसेसमध्ये अडकवले जातात." याचं असं करा: "४९८अ चा गैरवापर होतो असं सेव्ह इंडियन फॅमिली फाउंडेशनसारख्या संघटनांचं म्हणणं आहे. सुप्रीम कोर्टानेही काही निकालांत गैरवापराची दखल घेतली, मात्र २००५ मध्ये कलम रद्द करायला नकार दिला." आता दुसऱ्या बाजूचं: "ही स्त्रीद्वेष्ट्यांची टोळी आहे." याचं असं: "अमेरिकेतल्या सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या नागरी हक्क संस्थेने २०१८ मध्ये अ व्हॉइस फॉर मेन या पुरुष हक्क गटाचा समावेश द्वेष पसरवणाऱ्या गटांच्या यादीत केला." बघा, एका अमेरिकन गटावरचा शिक्का होता तो, नाशिकच्या किंवा बंगळुरूच्या संघटनेला तो आपोआप लागत नाही. "तथाकथित", "निष्पाप", "पर्दाफाश", "धक्कादायक" ही विशेषणं सरळ उडवा. "उघड केलं" म्हटलं की तुम्ही ते खरं मानलंत आणि "दावा केला" म्हटलं की वाचकाला शंका येते, साधं "म्हटलं" पुरतं.

जिवंत माणसांच्या बाबतीत मात्र कडक राहा. डिसेंबर २०२४ मध्ये बंगळुरूत एका इंजिनियरने आत्महत्या केली आणि देशभर चर्चा झाली. अशा वेळी लोक रातोरात पानावर येऊन बायकोचं, सासूचं नाव, गाव, फोटो टाकतात. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, नावं काढा, चर्चापानावर (लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर) कारण लिहा आणि परत टाकली तर प्रचालकांना (विकिपीडियाच्या ॲडमिनना) कळवा. त्याच आठवड्यात, १० डिसेंबरला, सुप्रीम कोर्टाने तेलंगणातल्या एका वेगळ्याच केसमध्ये ४९८अ च्या गैरवापरावर टिप्पणी केली, आणि बऱ्याच बातम्यांमध्ये दोन्ही गोष्टी अशा शेजारी छापल्या की कोर्ट बंगळुरूच्या प्रकरणावरच बोललं असं वाटावं. असली वाक्यं पानावर आली की मूळ निकाल उघडून केसचं नाव तपासा.

वाद झालाच तर एकमेकांचे बदल उलटवत, म्हणजे रद्द करत बसू नका. एकदा उलटवलं, समोरच्याने परत घातलं, की थेट चर्चापान. तिथे "तुम्ही फेमिनिस्ट" "तुम्ही स्त्रीविरोधी" यातून आजवर एक ओळ सुधारलेली मी पाहिली नाही. नेमकं वाक्य कॉपी करा, खाली संदर्भात काय लिहिलंय ते कॉपी करा, आणि विचारा की हे यातून कसं निघतं. बऱ्याचदा समोरच्याने संदर्भ वाचलेलाच नसतो, फक्त मथळा वाचलेला असतो, मग प्रश्न तिथेच संपतो. तुमची स्वतःची केस कोर्टात चालू असेल, किंवा तुम्ही कुठल्या संघटनेत असाल, या बाजूच्या किंवा त्या, तर पान थेट बदलू नका, बदल चर्चापानावर सुचवा आणि तुमचा संबंध सांगून टाका.

शेवटचं काम किरकोळ आहे पण कोणीच करत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ४९८अ च्या जागी कलम ८५ आणि ८६ आलं. जुन्या निकालांबद्दल लिहिताना ४९८अ च ठेवा, त्यानंतरच्या घटनांना नवे नंबर द्या आणि पहिल्यांदा उल्लेख येतो तिथे दोन्ही एकदा लिहून टाका, नाहीतर दोन वर्षांनी कोणीतरी येऊन "४९८अ रद्द झालं" असं पानावर लिहून जाईल.