जोडीदार अमेरिकेत, तुम्ही मुंबईत: स्पाउस व्हिसाची फाइल कशी तयार करावी

लग्नाची तारीख काढताना हॉल, गुरुजी आणि केटरर यांची जुळवाजुळव होते. जोडीदार अमेरिकेत असेल तर विवाह नोंदणीचा दिवसही त्यातच धरा. तिकडून आलेला माणूस तीन आठवड्यांत परत जातो, आणि नोंदणीसाठी नवरा-बायको दोघांनाही तीन साक्षीदारांसह महापालिकेच्या विभाग कार्यालयात समक्ष जावं लागतं. विधिवत लग्न झालं असेल तर महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नमुना ‘डी’ भरून प्रमाणपत्र घ्या. पत्रिका, फोटो हे जोडपुरावे झाले, प्रमाणपत्राची जागा ते घेत नाहीत. रजिस्टर लग्न करणार असाल तर विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस सुट्टीत बसते का, ते आधी बघा.

पहिला अर्ज, आय-१३० (नात्याच्या आधारावर तुम्हाला बोलावून घेण्याची विनंती), तुम्ही भरायचाच नसतो. तो तिकडच्या जोडीदाराने यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरायचा. २०२४ च्या दरांनुसार ऑनलाइन फी ६२५ डॉलर, कागदी अर्जाची ६७५. तुमचा भाग म्हणजे सोबतचा आय-१३०ए, त्यात गेल्या पाच वर्षांचे पत्ते आणि नोकऱ्या लिहायच्या. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर या व्हिसाला वार्षिक कोटा नाही. तो ग्रीन कार्डधारक असेल तर तुम्ही एफ२ए गटात जाता आणि दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये, म्हणजे रांग कुठवर आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकात, आपली (आय-१३० दाखल केल्याची) तारीख येण्याची वाट बघता. म्हणून मावसभावाच्या बायकोला किती महिने लागले या हिशेबावर नोकरीचा राजीनामा टाकू नका.

मंजुरी येईपर्यंत इथले कागद सरळ करायचे. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवावा.

आपल्याकडचा मोठा घोळ नावाचा. जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नाही, कारण नोंद बारशाच्या आधी झाली. शाळेच्या दाखल्यावर मधे वडिलांचं नाव, आधारवर नवऱ्याचं, पासपोर्टवर आडनावाचं तिसरंच स्पेलिंग. त्यात लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिलेलं नवं नाव. एका कोऱ्या कागदावर प्रत्येक दाखल्यातलं नाव, जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं जशीच्या तशी, स्पेलिंगसकट उतरवून काढा. कुठे काय जुळत नाही ते लगेच दिसेल. पासपोर्ट प्रमाण धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा.

जन्मदाखल्यात नाव घालायचं असेल तर तुम्ही आज राहता त्या वॉर्डात जाऊन उपयोग नाही, जन्म जिथे नोंदला तिथेच जावं लागतं. राहता बोरिवलीला आणि जन्म परळच्या हॉस्पिटलमधला असेल तर परळच्या हद्दीचं कार्यालय. आजोळी जन्मलात तर तिथली ग्रामपंचायत. नोंदच सापडली नाही तर तसा अनुपलब्धतेचा दाखला मागा. त्याला शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-वडिलांचं किंवा वयाने मोठ्या जवळच्या नातेवाइकाचं प्रतिज्ञापत्र जोडा.

लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे अशी अमेरिकेची अट नाही. बदलायचं असेल तर अर्जाआधी पासपोर्टपासून सगळीकडे बदला, नाहीतर माहेरचंच राहू द्या. फाइल चालू असताना मधेच बदलणं हा निव्वळ मनस्ताप. पूर्वीची नावं अर्जात विचारतात, ती सगळी लिहा. आधीचा घटस्फोट असेल तर कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. ती मिळायला वेळ जातो, आजच अर्ज करा.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, पासपोर्ट कार्यालयाचंच हवं, चौकीतला दाखला चालत नाही. पासपोर्ट सेवा पोर्टलवर अर्ज, ५०० रुपये फी, मग सेवा केंद्राची अपॉइंटमेंट. दुबई-मस्कतला वर्षभर किंवा जास्त राहिला असाल तर त्या देशाचंही लागतं.

आय-१३० मंजूर झाला की फाइल मुलाखतीआधी कागद गोळा करणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फिया भरायच्या, डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि कागद स्कॅन करून चढवायचे. जोडीदार आय-८६४ हे आर्थिक हमीपत्र देतो. त्याचं उत्पन्न कुटुंबाच्या आकारानुसार ठरलेल्या दारिद्र्य मर्यादेच्या किमान १२५ टक्के हवं. कमी पडलं तर तिकडचा दुसरा कोणी सहप्रायोजक होऊ शकतो. मात्र न्यू जर्सीच्या काकांना “फक्त एक सही हवी” असं सांगू नका. ही कायदेशीर जबाबदारी आहे आणि घटस्फोट झाला तरी ती संपत नाही.

मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. ब्रीच कँडीची जुनी जागा २०११ मध्येच सुटली, तरी घरातले ज्येष्ठ अजून तोच पत्ता सांगतात. त्याआधी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच वैद्यकीय तपासणी करायची. लसीकरणाचे जुने कागद शोधून ठेवा, नाहीतर लसी पुन्हा घ्याव्या लागू शकतात. मुलाखतीला मूळ कागद न्या. मोबाइल आणि बॅग घरीच ठेवा.

कांदेपोह्यांनंतर महिन्याभरात लग्न ठरलं असेल तर तसंच सांगा, ठरवून केलेली लग्नं या अधिकाऱ्यांना नवीन नाहीत. पाठ केलेलं उत्तर आणि फाइलमधली तारीख जुळली नाही की शंका येते. दोन्हीकडच्या नातेवाइकांबरोबरचे फोटो, जोडीदाराच्या फेऱ्यांची तिकिटं, कॉलच्या नोंदी, बँकेतलं किंवा विम्यातलं नॉमिनेशन असे साधे पुरावे तारखेच्या क्रमाने लावा. शेकडो पानांचे चॅट छापू नका. कागद कमी पडला तर २२१(जी)ची चिठ्ठी मिळते. तो कागद दिला की फाइल पुढे सरकते.

व्हिसा मिळाला की २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. तिकीट काढताना लग्नाची तारीख समोर ठेवा. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर सीआर-१ व्हिसावर दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. झाली असतील तर आयआर-१ आणि दहा वर्षांचं. दुसरा वाढदिवस दोन-तीन आठवड्यांवर असेल आणि व्हिसाची मुदत उरली असेल, तर थांबून जाणं परवडतं. सशर्त कार्ड घेतलंच, तर ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ हा अट काढून घेण्याचा अर्ज भरायचा असतो.