उन्हाळ्यात शहरात फिरायला निघताय? आधी घड्याळ, मग ठिकाण, मग पिशवी

सुट्टीच्या दिवशी कुठेतरी जाऊया असं ठरलं की आपण सगळ्यात आधी ठिकाण निवडतो आणि तिथेच गडबड होते. उन्हाळ्यात आधी वेळ ठरवा. बाग, तलाव, सायकल, झाडांमधली वाट असं जे जे उघड्यावरचं आहे ते सकाळी, आणि म्युझियम, लायब्ररी, मत्स्यालय वगैरे छपराखालचं सगळं दुपारी. संध्याकाळ थंड असेल असं वाटतं खरं, पण शहरात तसं नसतं, कारण दिवसभर तापलेलं डांबर आणि काँक्रीट रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतं. शहर रात्री आसपासच्या मोकळ्या भागापेक्षा गरम असतं हे लंडनमध्ये हवामानाचे अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच थर्मामीटरच्या नोंदी ठेवून दाखवलं होतं. त्यामुळे सहा वाजता ऊन उतरलं तरी भिंती आणि फरश्या गरमच असतात, सगळ्यात थंड वेळ पहाटेचीच. मुलांना एक सोपी खूण शिकवून ठेवा, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड दिसायला लागली की ऊन कडक झालं, आता झाडाखाली नाहीतर आत. फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स, म्हणजे ऊन त्वचेला किती भाजेल याचा आकडा, दिसत असेल तर तोही बघा, ३ किंवा जास्त असेल तर टोपी-सनस्क्रीन हवंच, आणि ८च्या वर गेला तर भर दुपारचा बाहेरचा प्लॅन सरळ रद्द करा.

वेळ ठरली की ठिकाण, आणि एका दिवसात एकच. तीन ठिकाणं केली की निम्मा दिवस प्रवासात आणि रांगेत जातो आणि मुलं शेवटच्या ठिकाणी नुसती रडतात. निघायच्या आदल्या दिवशी साप्ताहिक सुट्टी कधी ते तपासा, आम्ही एकदा सगळी वरात घेऊन म्युझियमच्या बंद दारासमोर उभे राहिलोय, धाकटीचा तेव्हाचा चेहरा अजून डोळ्यासमोर येतो. शेवटचा प्रवेश किती वाजता, मोठी बॅग आत नेऊ देतात का, पिण्याचं पाणी आणि टॉयलेट कुठे आहे, आजीआजोबा बरोबर असतील तर बसायला बाक आणि लिफ्ट आहे का, हे सगळं आधी विचारून घ्या. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा कारण गर्दीत नेटवर्क हमखास जातं.

आता पिशवी. पाण्यावर मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण दिवस बिघडतो तो इथेच. आदल्या रात्री बाटली अर्धी भरून फ्रीजरमध्ये उभी ठेवायची, झाकण सैल, आणि सकाळी वरून साधं पाणी भरायचं. काठोकाठ भरून गोठवली तर बर्फ झाल्यावर पाणी फुगतं आणि बाटली तडकते, शिवाय अख्खा बर्फ असला की तहान लागल्यावर घोटभरही निघत नाही. प्रत्येकाची बाटली वेगळी, म्हणजे कोण किती प्यायलं ते कळतं, लहान मुलं खेळाच्या नादात तहान लागलीय हे सांगतच नाहीत. ओआरएसची एक-दोन पाकिटं पिशवीत कायमच असू द्या. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, पण मापात, मीठ जास्त पडलेलं चालत नाही. एक सुती नॅपकिन ओला करून डब्यात घालून न्या, मानेवर ठेवला की जीवात जीव येतो.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं आणि दर दोन तासांनी परत, पोहून आल्यावर तर लगेच, कारण पाण्यात अजिबात न जाणारं सनस्क्रीन नसतं. मागच्या उन्हाळ्यातली ट्यूब असेल तर आधी एक्सपायरी बघा. कपडे सैल, फिकट, टोपी चहूबाजूंनी काठ असलेली, नुसती पुढे झाप असलेली टोपी कान आणि मान झाकत नाही.

पोहायला जाणार असाल तर वेगळी पिशवी करा, कॅप, गॉगल, रबरी चप्पल, टॉवेल, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी आणि लॉकरला लागत असेल तर कुलूप. आणि आत उतरण्याआधी अंघोळ खरंच करा. तलावाला जो उग्र वास येतो ना, तो नुसत्या क्लोरीनचा नसतो, क्लोरीन घामात आणि लघवीत मिसळून जे तयार होतं त्याचा असतो, डोळे चुरचुरतात तेही त्यानेच.

मुलं बरोबर असतील तर त्यांच्या खिशात आपला नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि पोचल्या पोचल्या "हरवलो तर इथे यायचं" अशी एक जागा ठरवून दाखवा. घसरगुंडीवर सोडण्याआधी तिला आपला तळहात लावून बघा, आमच्या पुतण्याची मांडी भाजली होती, आणि घसरगुंडी प्लॅस्टिकची होती, लोखंडाचीसुद्धा नाही. गाडीने गेलात तर "पाच मिनिटांत येतो" म्हणून कुणालाही बंद गाडीत ठेवू नका, मूल नाही, म्हातारं माणूस नाही, कुत्राही नाही, उन्हातली गाडी बघता बघता तापते.

एवढं करूनही कुणाला गरगरलं, पायात गोळे आले, खूप घाम येऊन मळमळलं तर लगेच सावलीत, कपडे सैल, अंगावर पाणी, वारा, आणि थोडं थोडं पाणी प्यायला. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, शुद्ध हरपतेय असं वाटलं, अंग चटका बसेल इतकं तापलं तर तो उष्माघात समजा, वाट न बघता ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत अंग ओलं करून वारा घालत राहा, शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका. ॲम्ब्युलन्सचा नंबर निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह करा, मोठ्या मुलांच्याही.

संध्याकाळी मोकळ्यावर गाणं नाहीतर सिनेमा असेल तर एक चादर, डासांचं मलम, छोटा टॉर्च, पॉवर बँक एवढं पुरतं. परतीची शेवटची ट्रेन किंवा बस किती वाजता हे मात्र जातानाच बघून ठेवा. घरी आलात की कितीही दमला असलात तरी पिशवी त्याच रात्री रिकामी करा, ओले कपडे वाळत घाला, बाटल्या धुऊन उघड्या ठेवा, आणि सनस्क्रीन संपत आलं असेल तर तेव्हाच यादीत लिहा.