घरातले मीठ मोजून वापरण्याची रीत

प्रौढ माणसाच्या पोटात दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजेच २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम जावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा जेमतेम एक सपाट चमचा, आणि त्यात भाजी-आमटीपासून बिस्किटापर्यंत सगळे आले. अडचण अशी की आपल्याकडे मीठ अंदाजाने पडते, त्यामुळे ‘आम्ही कमीच खातो’ असे सांगणाऱ्यालाही आपला आकडा ठाऊक नसतो.

तो काढण्याचा सोपा मार्ग म्हणजे मिठाची एक किलोची पिशवी. फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहावी. चार प्रौढांच्या घरात दिवसाला २० ग्रॅम या हिशेबाने ती निदान ५० दिवस पुरली पाहिजे; पण पाव, फरसाण आणि विकतचे लोणचे यांतले मीठ या पिशवीतून येत नसल्याने ती दोन महिन्यांपेक्षा अधिक पुरणे हेच खरे लक्ष्य. पिशवी महिनाभरात संपत असेल, तर केवळ घरच्या स्वयंपाकातून माणशी ८ ग्रॅमहून अधिक मीठ खर्ची पडत आहे. कैऱ्यांचे लोणचे घातले असेल, तर त्याचे मीठ वजन करून वेगळे मांडावे.

रक्तातले सोडियम वाढले की शरीर पाणी धरून ठेवते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवर ताण येतो. जादा सोडियम मूत्रपिंडांना बाहेर टाकावे लागते आणि ती क्षमता प्रत्येकाची सारखी नसते. म्हणूनच एकाच घरात, एकाच आमटीवर, एकाचा रक्तदाब चढतो आणि दुसऱ्याचा चढत नाही. अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असे दिसले आहे की, रोजचे मीठ चारेक ग्रॅमने कमी केल्यास उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाचेक अंकांनी उतरतो.

कपात कणकेपासून आणि भातापासून सुरू करावी, कारण तिथले मीठ जिभेला फारसे जाणवत नाही. आमटी-भाजीचे मीठ मात्र एकदम निम्मे करू नये; दर आठवड्याला थोडे कमी केले, तर जीभ काही आठवड्यांत रुळते. पानात डावीकडे मीठ वाढण्याची पद्धत असेल, तर तिथे लिंबाची फोड पुरे. आंबट चव मिठाची उणीव झाकते, पण कोकमाचे आगळ बहुधा खारवलेलेच असते. त्याची सोलकढी करताना चाखल्याशिवाय वेगळे मीठ घालू नये. पापडात मिठाखेरीज पापडखाराचेही सोडियम असते, आणि ढोकळ्यातला सोडाही याच हिशेबात धरावा लागतो.

पाकिटावर बहुधा ‘सोडियम’ मिलिग्रॅममध्ये छापलेले असते. त्याला अडीचने गुणून हजाराने भागले की मिठाचे ग्रॅम मिळतात: १०० ग्रॅम शेवेत ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर तेवढी शेव खाल्ल्याने २ ग्रॅम मीठ पोटात जाते. छापलेला आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका वाढपाचा, हे आधी पाहावे.

सैंधव रक्तदाबाला चालते, हा समज टाकून द्यावा. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, शिवाय आयोडीनयुक्त मीठ सोडून ते धरल्यास आयोडीनला मुकण्याची भीती. पोटॅशियम मिसळलेल्या कमी सोडियमच्या मिठाची गोष्ट निराळी. चीनच्या ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवरील अभ्यासात (२०२१) अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पिरोनोलॅक्टोन ही रक्तदाबावरची औषधे घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम साचणे हृदयाला घातक ठरू शकते.

फरक पडला की नाही, हे रक्तदाब मोजण्याच्या घरच्या यंत्रावर पाहावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा आणि तंबाखू टाळावी, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, हात छातीच्या उंचीवर ठेवावा आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. आकडे उतरलेले दिसले तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. वही डॉक्टरांना दाखवावी, मात्रा तेच ठरवतील.