झांबियाच्या मक्यावर नाशिकमधून संशोधन: आधी पाऊस नीट मोजा

‘आफ्रिकेतील हवामान बदल आणि कृषी धोरण’ हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. तिथे 54 देश आहेत. एक देश, एक पीक, एक योजना घ्या. इथे उदाहरणाला झांबिया, मका आणि तिथली बियाणे-खत अनुदानाची योजना, म्हणजे ‘फिस्प’, घेतली आहे. मलावी घेतलात तर योजनेचं नाव बदलेल, कामाचा क्रम तोच राहील.

पावसासाठी ‘चिर्प्स’ हा संच वापरा. उपग्रह आणि पर्जन्यमापक यांची सांगड घालून तो तयार केला आहे. त्यात 1981 पासूनचा रोजचा पाऊस मिळतो आणि नकाशाची एक चौकट साधारण साडेपाच किलोमीटरची असते. गूगल अर्थ इंजिनमध्ये, म्हणजे कोड लिहून उपग्रहांची माहिती हाताळण्याच्या ऑनलाइन सुविधेत, तो फुकट मिळतो. तिथे दोन चुका हमखास होतात. तारखांच्या गाळणीत शेवटची तारीख धरली जात नाही, म्हणून 31 मार्चपर्यंतचा पाऊस हवा असेल तर शेवट 1 एप्रिल लिहा. दुसरं, सरासरी काढताना स्केल, म्हणजे एका चौकटीची लांबी, 5566 मीटर असं स्वतः नमूद करा. ते यंत्रणेवर सोडू नका.

झांबियाकडे वळण्याआधी तोच कोड जून ते सप्टेंबरसाठी इगतपुरी आणि येवल्यावर चालवून बघा. याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे: इगतपुरीत धो धो, येवल्यात तुटपुंजा. दोन्हीकडचे आकडे सारखेच आले, तर तालुक्याच्या सीमेची फाइल चुकली आहे. मग कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावरच्या तालुकानिहाय पावसाशी ताडून पाहा. घाटमाथ्यावर फरक राहणारच, पण कोरडं वर्ष दोन्हीकडे कोरडंच दिसलं पाहिजे.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळते. नाशिक जिल्ह्याची सरासरी कोणाच्याच शेतावर पडत नाही, आणि झांबियाची तर मुळीच नाही. तिथे तीन कृषी-हवामान विभाग आहेत: दक्षिणेकडच्या खोऱ्यांत 800 मिलिमीटरपेक्षा कमी, मधल्या पट्ट्यात 800 ते 1000 आणि उत्तरेला 1000 पेक्षा जास्त. हिशोब विभागवारच करा.

आता हंगाम. आपल्या खरिपाची पेरणी आणि काढणी एकाच वर्षात उरकते, म्हणून जानेवारी ते डिसेंबरची बेरीज खपून जाते. झांबियात पाऊस नोव्हेंबर ते मार्च आणि काढणी एप्रिलपासून पुढे. नोव्हेंबर 2023 ते मार्च 2024 चा पाऊस 2024 च्या उत्पादनाला जोडायचा. ‘फाओस्टॅट’ या जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या आकडेवारीतही पीक काढणीच्या वर्षाखाली नोंदतात. ही जोडणी चुकली की पाऊस आणि उत्पादन यांचा संबंधच दिसत नाही, आणि ‘हवामानाचा परिणाम नगण्य’ असा निष्कर्ष छापला जातो.

हंगामाची बेरीजही पुरेशी नाही. मक्याला मारतो तो तुरा आणि कणसातले केस बाहेर पडतानाचा पावसाचा खंड. पेरणीची सुरुवात अशी ठरवा: एका दशकात, म्हणजे दहा दिवसांच्या गटात, किमान 25 मिलिमीटर पाऊस आणि पुढच्या दोन दशकांत मिळून किमान 20. तिथून पुढच्या 50 ते 80 दिवसांत 1 मिलिमीटरपेक्षा कमी पावसाचे सलग दिवस मोजा. सलग 10 हा उंबरठा घेतलात तर 7 आणि 15 घेऊनही गणित करून ठेवा. निष्कर्ष एकाच उंबरठ्यावर टिकत असेल तर तो टिकाऊ नाही.

उत्पादकतेच्या आकड्यात एक छुपा खड्डा आहे. 2023-24 च्या दुष्काळात झांबियात मक्याखालच्या सुमारे 22 लाख हेक्टरांपैकी जवळपास 10 लाख हेक्टरवरचं पीक गेलं. 29 फेब्रुवारी 2024 ला राष्ट्रीय आपत्ती जाहीर झाली. काढणी झालेल्या क्षेत्राने भागलं तर करपलेली शेतं हिशोबातूनच गायब होतात आणि दुष्काळ सौम्य दिसतो. पेरलेल्या क्षेत्राने भागा. 2015-16 आणि 2023-24 ही एल निनोची वर्षं ‘अपवाद’ म्हणून वगळू नका. प्रश्नच त्यांचा आहे.

धोरण शेवटी. वर्षांची एक पट्टी करा: 2009-10 मध्ये फिस्पचं बियाणे-खताचं पॅक एका हेक्टरपुरतं होतं ते अर्ध्या हेक्टरपुरतं झालं, 2017-18 मध्ये योजनेला हवामान निर्देशांकाचा विमा जोडला गेला, म्हणजे भरपाई शेतातलं नुकसान पाहून नव्हे, तर हवामानाच्या आकड्यावरून ठरते. नुसतं ‘योजनेआधी’ आणि ‘योजनेनंतर’चं उत्पादन तोलू नका, कारण पाऊसही बदललेला असतो. समान खंडाची वर्षं निवडून त्यांची तुलना करा, तीही एकाच विभागात. विम्याबाबत निर्देशांकाचा आकडा आणि शेतातलं नुकसान यांतली तफावत वेगळी मोजा. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर नोंद नाही म्हणून भरपाई नाही, हे इथल्या द्राक्ष बागायतदारांना सांगावं लागत नाही. साडेपाच किलोमीटरच्या चौकटीतही तेच घडतं, म्हणून शेजारच्या आठ चौकटी घेऊन खंड किती बदलतो ते तक्त्यात द्या.