कुंडीतला बटाटा: लावणीची वेळ आणि मातीची भर

ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की बटाट्याचं बेणं, म्हणजे लावायचे बटाटे, काढा. देशावर ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य ही लावणीची वेळ. रात्रीचं तापमान २० अंशांच्या खाली उतरल्याशिवाय बटाटा नीट धरत नाही, नुसता पाला माजतो. मुंबई-कोकणात नोव्हेंबरच्या शेवटी लावा, अपेक्षा मात्र बेताची ठेवा.

भाजीचा बटाटा लावला तर? कधी उगवतो, कधी नाही. कोंब येऊ नयेत म्हणून साठवणुकीतल्या मालावर औषध मारलेलं असू शकतं. ‘कुफरी पुखराज’ किंवा ‘कुफरी लवकर’ या वाणांचं प्रमाणित बेणं मिळालं तर उत्तम. उष्ण भागात कुफरी सूर्या बघा. बेणं उजेडात पण उन्हाबाहेर पसरा. कोंब आखूड, जाड आणि जांभळट हवेत. अंधारात वाढलेले लांब पांढरे कोंब हात लागताच मोडतात. कोंबडीच्या अंड्याएवढं बेणं अख्खंच लावा. मोठं कापलंत, तर प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवा आणि काप सावलीत सुकू द्या.

पंधरा-वीस लिटरच्या बादलीत किंवा ग्रो बॅगमध्ये एकच बेणं. तळाला भोकं हवीतच. नुसती काळी माती नको; निम्मं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट आणि थोडं कोकोपीट मिसळा. चुलीतली राख टाकू नका, तिने सालीवर खवले धरण्याचा रोग बळावतो.

बादली आधी अर्धीच भरा. रोप वीतभर झालं की बुडाशी मातीची भर द्या, पुढे पंधरवड्याने पुन्हा. उंच पोत्यात थरावर थर बटाटे लागल्याचे व्हिडिओ फिरतात, त्यांवर जाऊ नका. लवकर येणाऱ्या वाणांचे बटाटे बेण्याच्या आसपासच धरतात. भर लागते ती त्यांना झाकायला: उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो, त्यात सोलानिन हे विषारी द्रव्य वाढतं, तो खाऊ नये. शिवाय पतंग त्यावर अंडी घालतो आणि अळी आत बोगदे करते.

पाणी वाफसा (माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती) पाहून, शक्यतो सकाळी आणि बुडाशी. ढगाळ, दमट हवेत पानांवर काळपट, ओलसर डाग दिसले तर तो करपा. तेवढा पाला लगेच काढून लांब टाका, हा रोग टोमॅटोलाही लागतो, म्हणून त्याच्या कुंड्याही बाजूला घ्या.

साधारण ८० ते ९० दिवसांनी पाला पिवळा पडतो. पाणी तोडा, पाला कापा आणि आठ-दहा दिवस थांबा. अंगठ्याने चोळून साल निघत नसेल, तर बादली पालथी करा.